चौदा कलमांचा तह

यशया सरांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे इतिहासातल्या चुका आपल्या हातून व्हायच्या नाहीत अशी त्यांची ठाम समजूत होती. काय ती समजूत! आता आठवली की त्यांना स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

झालं असं, की सरांच्या दोन पोरांमध्ये विहिरीच्या पाण्यावरून महायुद्ध पेटलं. थोरला बेंजामिन नगरला राहणारा, तिथल्याच नागापूरच्या एका कारखान्यात कामाला. धाकटा सुनील इथेच, राहात्याजवळच्या मळ्यात. सुट्टीला आलेल्या थोरल्याने पाण्याची मोटार चालू केली, धाकट्याने फ्यूज काढला, थोरल्याने पान्हा भिरकावला. सुनीलच्या कपाळाला टाके पडले आणि बेंजामिनने घेतलेला नवा स्टार्टर विहिरीच्या तळाला गेला. तेव्हापासून बोलणं बंद. त्यांची आई एस्तेरबाई रोज म्हणायच्या, "मला शेत नको, विहीर नको. दोघं एका ताटात जेवलेली बघायचीत."

"तू बघच," म्हणत सर कामाला लागले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला अमेरिकेच्या अध्यक्षांनी शांततेचे चौदा मुद्दे मांडले होते. सरांनीही फुलस्केपवर बरोब्बर चौदा कलमं लिहिली. पाच-सहांत भागलं असतं, पण हौस! कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. नुकसानभरपाई कुणी मागायची नाही. पाणी दोघांचं. नववं कलम, आईवडिलांचा सांभाळ दोघांनी समान वाटून घ्यावा. आणि चौदावं, सरांचं लाडकं: दर महिन्याला अख्ख्या घराने एकत्र बसून बोलायचं. त्याला त्यांनी 'कुटुंबसंघ' असं भारदस्त नावही ठेवलं, आणि नाव ठेवल्यावर आरशासमोर जरा ताठ उभे राहून बघितलं.

पंच म्हणून शेजारचे रंगनाथभाऊ आले. चहा व्हायच्या आत पहिलं कलम आडवं झालं. "कुनी हरलं न्हाई कसं? टाके मला पडले," सुनील म्हणाला. "आन् स्टार्टर माझा बुडाला," बेंजामिन म्हणाला. पाणी दोघांचं, तर दिवसाचं कुणाचं आणि रात्रीचं कुणाचं, यात अर्धी दुपार गेली. सर एकेक कलम सोडत गेले. जाऊ दे, संघ वाचला की बाकीचं संघात बघू! अमेरिकेच्या अध्यक्षांनीही राष्ट्रसंघापायी असंच केलं, आणि पुढे त्यांच्याच देशाने तो संघ नाकारला, हे सर वर्गात मीठमसाला लावून सांगायचे. पण धडा आठवायला विद्यार्थी असावं लागतं, मास्तरांना कुठून आठवणार?

शेवटी दोनच कलमं उरली, नववं आणि चौदावं.

"नवव्याला माझी हरकत न्हाई," सुनील म्हणाला.

"माझी पन न्हाई," बेंजामिन म्हणाला.

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईने सही ठोकली, पोरांनी केली, पंचांनी केली.

"मग मम्मी माझ्याकडं, पप्पा दादाकडं नगरला," सुनील म्हणाला. "झालं समान!"

"अरे, वाटून म्हणजे जबाबदारी वाटून..."

"रीतच हाय सर ती," रंगनाथभाऊ म्हणाले. "गावात लई जन आसंच वाटून घेत्यात. तुमी तर लिहून दिलंय."

"आणि संघ?" सरांनी विचारलं.

"बसू की नाताळाला," बेंजामिन म्हणाला आणि त्याने धाकट्याच्या पाठीत थाप मारली. "चल रं, भूक लागली."

एस्तेरबाईंनी दोघांना एकाच ताटात वाढलं आणि त्या ओसरीवर सरांजवळ आल्या.

"चौदा कलमं लिहिलीत. आपन दोघांनी एकत्र राहायचं, एवढं एक न्हाई सुचलं व्हय तुमाला?"

"ते काय लिहायचं असतं का गं?" सर म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं. "खोडू का?"

एस्तेरबाईंनी आत वळून पाहिलं. थोरला काहीतरी म्हणाला आणि दोघं खिदळले.

"आता नका खोडू," त्या म्हणाल्या. "पोरं जेवतायत."

आणि दोरीवरचे सरांचे सदरे काढून त्या एकेकाची घडी घालू लागल्या.