पहिल्या बाजूवरची मोकळी जागा

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. माहेर जर्मनीचं, सासर ढोकीचं. रंगाने काळी, अंगावर चरेच चरे. तरी माझ्यात वाजणारी पाच पोरं अजून म्हातारी झालेली नाहीत.

मी त्या पोरांची पहिलीच तबकडी. जॅझ आणि रॉक एकत्र करून ती काहीतरी नवंच वाजवत होती, आणि पुढे आपल्याला कुणी विचारील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून होतं नव्हतं ते सगळं त्यांनी माझ्यात ओतलं. ड्रमवाल्याला भारी घाई, बास गिटारवाला त्याला आवरतो आहे, आणि सॅक्सोफोनवाला सूर लावण्याआधी श्वास घेतो तोसुद्धा ऐकू येतो. पुढे त्यांतलं कोण राहिलं, कोण गेलं, मला कधी कळलं नाही. श्वास मात्र माझ्याकडे राहिला. कधी कधी मला त्याची भीती वाटते.

साखर कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका जर्मन साहेबाने जाताना मला गुलाबरावांच्या हाती दिलं. गुलाबराव कारखान्यात फिटर होते, आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांनी सोलापूरच्या जुन्या बाजारातून रेकॉर्ड प्लेअर आणला आणि मला इतकं ऐकलं, की माझी एक धून थेट वरातीत नेली. चाल पडली सात मात्रांची! नवरदेवाच्या मित्रांचे पाय एकमेकांत अडकायचे आणि बोलणी मात्र बँडला बसायची.

माझ्या पहिल्या बाजूवर एक जागा आहे. तिथे सॅक्सोफोन थांबतो आणि बराच वेळ ड्रम अन् बास तेवढे हळू वाजत राहतात. गुलाबराव नेमके तिथे क्लॅरिनेट ओठांना लावायचे.

"भिमा, बघ," ते बायकोला म्हणायचे, "जर्मनवाल्यानं माझ्यासाठी जागा राखलीया!"

"व्हय, तुमचीच वाट बघत बसलेत तिकडं," भिमाबाई चुलीपुढून म्हणायच्या. पण तव्यावरची भाकरी करपली तरी ऐकत राहायच्या.

गुलाबराव गेले. भिमाबाईंनी मला कपाटावर टाकलं आणि प्लेअरवर चादर घातली. शेजारी म्हणू लागले, या घरात तिन्हीसांजेला क्लॅरिनेट वाजतं. मी तर कपाटावर मुकाट पडले होते, मग वाजवणार कोण? तरी तिन्हीसांज झाली की मीही कान देऊन ऐकायचे.

परवा त्यांची लेक क्षमा कळंबहून आली. बाहेर भंगारवाल्याची हाळी ऐकू येत होती.

"ती तबकडी त्याला देऊन टाक," भिमाबाई म्हणाल्या. "घरात नगं मला. लई तरास व्हतो."

भंगारवाल्याची हाळी जवळ जवळ येत होती.

"देते आई. पण एकदा ऐकू दे," क्षमा म्हणाली.

तिने मला मऊ फडक्याने पुसलं आणि सुई टेकवली. भिमाबाई पाठ करून बसल्या. ड्रम सुरू झाला, श्वास आला, सूर आला. मग ती जागा आली. सॅक्सोफोन थांबला आणि क्लॅरिनेट काही वाजलं नाही. मित्रांनो, आयुष्यभर वाजत आले, पण इतकी रिकामी मी कधीच नव्हते. क्षमालाही ते सोसवेना. पुढचं गाणं लावावं म्हणून तिने सुईकडे हात नेला.

"हात लावू नगं!" भिमाबाई ओरडल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्यांचं व्हायचं हाय अजून."

क्षमाचा हात तिथंच थांबला. भिमाबाईंची मान बारीक डोलत होती, आणि खरं सांगते, त्या मला ऐकत नव्हत्या. बऱ्याच वेळाने सॅक्सोफोन परतला. भंगारवाला दारावरून ओरडत गेला, त्याला कुणी हाक मारली नाही.

मित्रांनो, जुनी तबकडी घरात असेल तर ती पुसून उभी ठेवा. उन्हात टाकू नका. आणि वाजता वाजता गाणं मध्येच रिकामं वाटलं, तर घाईने सुई उचलू नका. तिथे कुणीतरी वाजवत असेल.