मीटर न फिरलेले तास

मालकांच्या भाड्याने फिरणाऱ्या हार्वेस्टरमध्ये इंजिनाचे तास मोजणारा एक मीटर होता, आणि त्या मीटरवर मालकांचा सख्ख्या भावापेक्षा जास्त विश्वास होता. इंजिन चालू तर मीटर चालू, मीटर चालू तर मजुरी चालू. बाकीचा सगळा वेळ माणूस घरीच लोळत असतो, असं त्यांचं ठाम मत.

मशीन चालवायच्या वहिनी. बारा हंगाम ही सीट त्यांच्या नवऱ्याची होती. त्याच्या पाठीने संप पुकारला, म्हणून यंदा त्या चढल्या. बाईमाणूस आहे, कुरकुर करणार नाही, अशा हिशेबाने मालक लगेच हो म्हणाले. माणसं ओळखण्यात मालक जरा कच्चेच.

गव्हाच्या कापणीचे सहा आठवडे, आणि त्यावर घराचं वर्ष काढायचं. सकाळी सहाला शेतावर हजर व्हायचं, मशीनला ग्रीस भरायचं, फिल्टर झटकायचा, पात्यांतला काडीकचरा उपसायचा आणि मग दव वाळेपर्यंत गव्हाकडे बघत बसायचं. ओला गहू काही कापता येत नाही. कापणी दहाला सुरू व्हायची, म्हणजे रोजचे चार तास पाण्यात. आठवडाभरातच वहिनींच्या लक्षात आलं, हे असंच चाललं तर सीट सोडावी लागणार. आणि ती सीट तर त्यांना भारी आवडली होती.

"मालक, सकाळचे चार तास धरा की," त्यांनी विचारलं.

"वहिनी, मी कोण धरणार? मीटर बोलेल ते खरं. माणसं थापा मारतात, मीटर मारत नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्या इतक्या पटकन बरं म्हणाल्या, तिथेच मालकांनी घाबरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी साफसफाई उरकून त्यांनी इंजिन सुरू केलं आणि केबिनमध्ये शेंगा सोलत बसल्या. मशीन जागचं हललं नाही, मीटर मात्र इमानेइतबारे फिरला. सकाळी सकाळी इंजिनाचा आवाज घरापर्यंत येतोय म्हणून मालक तीन दिवस खूश. शेजाऱ्यांना सांगत सुटले, "बघा, याला म्हणतात काम!" चौथ्या दिवशी डिझेलची टाकी कोरडी पडली आणि मालक चप्पल न घालताच शेतावर आले.

"उभ्या मशीनचं इंजिन कशाला चालू ठेवलंत?"

"मीटर बोलावा म्हणून. तो गप्प बसला की मी घरीच लोळत असते ना!"

मालक लालबुंद झाले. किल्ली काढून खिशात टाकली. "उद्यापासून किल्ली मी आणणार. दहाला. तोवर इथं कुणाचं काही काम नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मालक दहाला किल्ली घेऊन आले, आणि वहिनीही दहालाच आल्या. गहू खडखडीत वाळलेला, तीन ट्रॉल्या रांगेत उभ्या, ज्याचा गहू तो शेतकरी सारखा घड्याळ बघतोय. वहिनींनी शांतपणे ग्रीसगन उचलली.

"अहो, आधी मशीन सुरू करा!"

वहिनींनी मशीनच्या दारावर बोट ठेवलं. तिथे मालकांनीच लाल रंगात लिहून घेतलं होतं: इंजिन चालू असताना ग्रीस भरू नये.

शेतकरी म्हणाला, "तासाभरात सुरू झालं नाही तर मी दुसरं मशीन बोलावतो." मालकांचा जीव कासावीस झाला. त्यांनी बाह्या सरसावल्या, दुसरी ग्रीसगन घेतली आणि थेट मशीनखाली शिरले. कुठे हात पोचेना, कुठे कोपर खरचटलं. फिल्टर झटकला तर सगळी धूळ तोंडावर. तासाभराने बाहेर आले तेव्हा पांढरा शर्ट ओळखू येत नव्हता आणि कंबर सरळ होत नव्हती.

"मेलो! वहिनी, तासभर नुसतं राबराब राबलो मी!"

वहिनी केबिनमध्ये चढल्या आणि मीटर बघून आल्या.

"मालक, कालचाच आकडा आहे. तुम्ही घरीच लोळत होता."

ट्रॉलीवाले खो खो हसले. शेतकरीही हसला. मालक काही हसले नाहीत. हातांवरचं ग्रीस त्यांनी शर्टालाच पुसलं. मग खिशातून किल्ली काढून वहिनींच्या हातात दिली.

"उद्या सहाला या," ते म्हणाले. "सहापासून मजुरी धरतो."

"मागच्या आठवड्याचं काय?"

"तेही धरतो. आता चढा, बाई!"

संध्याकाळी वहिनींनी सगळा प्रकार नवऱ्याला साभिनय करून दाखवला. मालक मशीनखाली शिरले, इथे तो इतका हसला की दुखरी पाठ धरून बसला. मग हळूहळू त्याचं हसू ओसरलं.

"अगं, बारा हंगाम मी तिथे सहाला जात होतो," तो म्हणाला. "त्या चार तासांच्या मजुरीचं मी एकदाही विचारलं नाही."

वहिनींनी त्याच्या पाठीला तेल लावायला घेतलं आणि बराच वेळ लावत राहिल्या.