अरे-तुरे

“परत म्हण,” बाईसाहेबांनी ड्रायव्हरला सोफ्यावर नीट मागे टेकून बसायला लावलं. “दादा, तू गोळ्या घेतल्यास का?”

“दादा, तुम्ही गोळ्या...”

“तू!”

कित्येक वर्षं ड्रायव्हर साहेबांची गाडी चालवत होता. त्यांना ‘तू’ म्हणताना त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. समोर साहेब उशीला टेकून बसले होते. डायलिसिसने त्यांचा चेहरा मातकट झाला होता. मूत्रपिंडासाठी सरकारी यादीत त्यांचं नाव होतं, पण यादी काही हलत नव्हती. बाईसाहेबांचं मूत्रपिंड जुळलं नाही आणि सख्ख्या भावाने तर तपासणीचं नाव काढताच फोन उचलणं बंद केलं. जुळलं ते ड्रायव्हरचं. विकत घेणं गुन्हा. नातेवाइकाने प्रेमापोटी दिलं तर चालतं. एजंटने तसे कागद केले आणि ड्रायव्हर रातोरात साहेबांचा मावसभाऊ झाला. बदल्यात मालकीची खोली आणि कायमची नोकरी. त्याच्या बायकोने ओटा कुठे घालायचा तेही ठरवून टाकलं होतं.

साहेबांना काही शिकावं लागलं नाही. ते पहिल्यापासून त्याला अरे-तुरेच करत होते.

हॉस्पिटलात अशा दानाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या खोलीतून आधीची जोडी तोंड पाडून बाहेर पडली. आत लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

“पैशाचा काही व्यवहार?”

“भावाभावांत कसला व्यवहार, डॉक्टर?” एवढं त्याचं चोख पाठ होतं.

“आणि तुम्ही सांगा,” त्या साहेबांकडे वळल्या. “हा तुम्हाला मूत्रपिंड का देतोय?”

साहेबांनी तोंड उघडलं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. बोलता येईना. दम लागला तसे ते ड्रायव्हरवर खेकसले, “पाणी दे रे! बघतोस काय नुसता?”

ड्रायव्हर ताडकन उठला. त्याने ग्लास त्यांच्या ओठांना लावला, दुसरा हात पाठीवरून फिरवला.

“सावकाश पी, दादा. तू बोलू नकोस.”

हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं. त्याचं त्यालाच नवल वाटलं आणि डोळे भरून आले.

डॉक्टरीणबाई शेजारच्यांना हळूच म्हणाल्या, “बघा, किती हक्कानं बोलतात. परक्याला कोणी असं बोलत नाही.” त्यांनी सही केली.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला इतकं हलकं वाटत होतं की, तो मागे न बघताच म्हणाला, “दादा, तू पडून राहा. मी खड्डे चुकवतो.”

मागच्या सीटवर बाईसाहेब साहेबांना म्हणाल्या, “ऑपरेशननंतर तुमच्या जाण्या-येण्याचं कसं करायचं?”

“नवा ड्रायव्हर बघायला सांगितलाय.” साहेबांनी डोळे मिटले होते. “याला आता जागरणं, सामानाची उचलाउचल जमायची नाही. एका मूत्रपिंडाच्या माणसाच्या भरवशावर गाडीत बसायचं कसं?”

बाईसाहेब खिडकीबाहेर बघू लागल्या. ड्रायव्हरने गिअर बदलला.

“पुढे गर्दी दिसतेय,” तो म्हणाला. “डावीकडून घेऊ का, साहेब?”

“घे.”