कादंबरीतल्या सुनेची वकील

तीस सालाच्या आगेमागेची गोष्ट. लोणखेड्याच्या वाचनालयाच्या ओट्यावर दर शनिवारी संध्याकाळी मास्तर कादंबरी वाचत आणि मग चर्चा ठेवत. आता चर्चा म्हणजे काय, ते मास्तरांना पुण्याहून ठाऊक. गावाला ठाऊक फक्त पंच. म्हणून गाव कादंबरीतल्या माणसांचा सरळ निवाडाच करी. ती माणसं हजर नसत, तेव्हा त्यांच्या वतीनं गावातलाच कोणीतरी उभा राही. मागे एका दारुड्या काकाला उदेसिंग पाटलांनी वाळीत टाकलं, तेव्हा मास्तर कपाळाला हात लावून बसले होते.

या खेपेच्या कादंबरीत सून रुसून माहेरी गेलेली.

"सूनकडथून कोन बोलस?" पाटलांनी विचारलं.

"धनु भाभीले बोलू द्या!" वाहरूनं हाळी दिली.

बायका पदराआड खुसखुसल्या. धनुबाईची सून शोभा पोळ्यापासून प्रकाशा गावी माहेरी होती. दिवाळीही गेली. नातू तिकडेच रांगायला लागला, ते धनुबाईला कासाराकडून कळलं. आणायला जावं असं रोज वाटे, पण मान आडवा येई. आणि मुलगा आईपुढं तोंड उघडेल, तर शपथ.

"मेल्या, तुले दुसरं कोनी नही दिसनं?"

वाहरू चुलत दीर, पण खोड्या सख्ख्याच्या वरताण. दात काढून बसला. नाही म्हणावं तर गावाला बोलायला आयतंच सापडणार. धनुबाई उठली.

"पोरनी चूक नही," तिनं घसा खाकरला. "कोठीना किल्ल्या सासूना कमरले. पोर मांगी तरी कसं?" मग जीभ सुटली, हात हलायला लागले. "आनि तिन्हा भाऊ उना, उन्हमा, पायी. तिनी भाकरवर जराखं तूप वाढं, तं सासू म्हने, भेटाले उना का जेवाले? त्या पोऱ्यानी हातना घास ताटमा ठेवी दिन्हा. हाई कोन सहन करी?"

मास्तर पानं उलटायला लागले. "भाऊ? या कादंबरीत भाऊ कुठाय?"

कोणी हसलं नाही. वाहरूनं टोपी काढून मांडीवर ठेवली. खोडी एवढी खोल जाईल, असं त्यालाही वाटलं नव्हतं. धनुबाई उभीच. ताटाकडे बघत बसलेला शोभाचा भाऊ तिला समोर दिसत होता. चोरी भर ओट्यावर पकडली गेली होती, आणि नवल म्हणजे तिला हलकंच वाटत होतं.

"सून जिंकनी," पाटील हळूच म्हणाले. "सासूनी तिले लेवाले जावानं."

"माले नका सांगू, पाटील. वाहरू, सकाळे गाडी जुप. प्रकाशाले जानं शे."

"मी कसाले, भाभी?"

"तुनीच माले उभं करं ना? मंग व्याहीना शिव्या खावाले बी मन्हासंगे चाल!"

आता मात्र ओटा खदखदून हसला. मास्तर अजून पुस्तकातच. "अहो, पण सासूची बाजू कोण मांडणार?"

"तिले ते सकाळे प्रकाशामा मांडनं शे," वहाणा पायात सरकवत धनुबाई म्हणाली आणि घराकडे निघाली. सुनेसाठी एवढं भडाभडा बोलली होती. सासूसाठी मात्र रस्ताभर तिला पहिला शब्दच सापडेना.