धाकट्याच्या यंत्रावर थोरल्याचे खेळ

पन्नाशी उलटून दोन वर्षं झाली होती, डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरले होते, तरी घरात तो धाकटाच होता. आईने एकदा दोन मुलांना थोरला आणि धाकटा अशी हाक मारायला सुरुवात केली आणि त्या हाकाच त्यांना जन्मभर पुरल्या. धाकट्याचं काम वजनकाटे तपासायचं. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानांतून, गोदामांतून हिंडायचं, काट्यावर एकेक वजन ठेवून पाहायचं, आणि काटा खरं बोलतो अशी खात्री पटली की त्यावर शिक्का मारायचा. चिमूटभर फरकही त्याला खपत नसे. असा हा माणूस गेले चौदा महिने दर रविवारी दुपारी चार वाजता आईशी धडधडीत खोटं बोलत होता.

थोरला परदेशात नोकरीला होता आणि एका सकाळी कामावर निघताना तिकडेच जिन्यात कोसळून गेला. बातमी आली त्याच आठवड्यात आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. कसलाही धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. रविवार उजाडला. रविवारी चार वाजता थोरल्याचा फोन यायचा आणि तीन तासांवरच्या वृद्धाश्रमात आई साडेतीनपासूनच फोनजवळ खुर्ची ओढून बसायची. तो एवढा एक दिवस निभावून न्यावा म्हणून धाकट्याने फोन लावला, थोरल्यासारखं दोनदा घसा खाकरला आणि सावकाश म्हणाला, “काय म्हातारे, जेवलीस का?” दोघांचे आवाज लहानपणापासून इतके सारखे, की शेजारीपाजारी हमखास फसायचे. आईही हसली. मग पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही आला, आणि मागे फिरायची वाट राहिलीच नाही.

स्वतःच्या आवाजात तो बुधवारी बोलायचा. गंमत अशी, की रविवारी आई खुलायची, शेजारणीच्या कागाळ्या सांगायची, आणि बुधवारी मात्र नुसती ऐकत राहायची. “हं” म्हणायची, “बरं” म्हणायची, कधी नाक ओढल्याचा आवाज यायचा. धाकट्याला हे लागायचं. मेलेला थोरलासुद्धा हिला जिवंत धाकट्यापेक्षा प्यारा, असं तो एकदा बायकोजवळ बोलूनही गेला. बायको म्हणाली, “तुम्ही तिला एकदा खरं सांगून टाका. तिच्यापेक्षा तुमचीच प्रकृती जास्त बिघडत चाललीय.”

थोरल्याचं सामान खोक्यांतून आलं, त्यात अकरा कॅसेट निघाल्या. गाण्यांच्या नव्हेत, कॉम्प्युटरच्या खेळांच्या. शाळेत असताना वडिलांनी दोघांना दोन जुने कॉम्प्युटर आणून दिले होते, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, भांडण नको म्हणून. आणि भांडण नेमकं त्यावरूनच व्हायचं, कारण एकाचे खेळ दुसऱ्यावर चालायचे नाहीत. थोरल्याचं यंत्र कधीच भंगारात गेलं. धाकट्याचं अजून माळ्यावर होतं आणि जपून ठेवल्यामुळे चालूही होतं. कॅसेट हातात घेऊन तो बराच वेळ बसला. त्यांतला एकही खेळ थोरल्याने त्याला कधी धड खेळू दिला नव्हता.

जुन्या यंत्रांच्या एका कारागिराने त्यावर उपाय सांगितला. तळहाताएवढा एक बोर्ड, धाकट्याच्या यंत्राच्या पाठीमागच्या खाचेत बसणारा. एम्युलेटर म्हणतात त्याला. “हा बसवलात की तुमचं मशीन त्या दुसऱ्या मशीनचं सोंग घेतं,” कारागीर म्हणाला. “खेळाला पत्ताच लागत नाही की आपण परक्या घरी आलोय. फक्त एक पाळा, बोर्ड काढताना आधी मशीन बंद करायचं.”

शनिवारी दुपारी त्याने बोर्ड बसवला. एरवी त्याचं यंत्र सुरू झालं की पांढरा पडदा आणि वर एक काळी ओळ यायची. आज पडदा निळा झाला आणि कोपऱ्यात थोरल्याच्या यंत्राचा पिवळा चौकोन लुकलुकू लागला. कॅसेट किरकिरत पाच मिनिटं फिरली आणि खेळ उघडला: एक माणूस कंदील घेऊन विहिरीत पायरी पायरीने उतरतो, दर वळणावर एकेक दिवा लावतो. धाकटा तिसऱ्याच वळणावर मेला. तरी गुणांच्या यादीत त्याचा नंबर लागला आणि त्याने टोपणनावाची तीन अक्षरं टाकली. थोरला त्या जागी नुसत्या तीन फुल्या टाकायचा. नाव कशाला टाकायचं, पहिला नंबर कोणाचा हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने कॅसेट पुन्हा लावली आणि यादी उघडली. कालचे गुण, नेमके तेवढेच, पहिल्या ओळीत होते आणि त्यापुढे तीन फुल्या होत्या. त्याच्या मनात पाल चुकचुकली. या यंत्रांना असलं काही लक्षात राहत नाही. बटण बंद केलं की पाटी कोरी, हे शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं त्या काळी. कॅसेटवरची जुनीच यादी असेल, योगायोगाने आकडा जुळला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली, आणि मुद्दाम वेगळे गुण मिळवून पुन्हा आपलंच नाव टाकलं. सोमवारी तेही गुण फुल्यांखाली गेले होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. थोरल्याची मेल्यावरही गेलेली दिसत नव्हती. या विचाराचं त्याला हसू आलं, पण त्या आठवड्यात दुकानांतले काटे तपासताना त्याने प्रत्येक वजन दोनदा ठेवून पाहिलं.

सोडवेना म्हणून तो खेळत राहिला. हात बसत गेला, विहीर खोल खोल उतरता येऊ लागली, न पाहिलेली वळणं आधीच ठाऊक असल्यासारखी वाटू लागली. एका संध्याकाळी बायको दारात आली आणि म्हणाली, “भाऊजी, चहा...” आणि थबकली. मग स्वतःच हसली. “पाठमोरे अगदी भाऊजींसारखे दिसलात. मान अशी कलती कधीपासून करायला लागलात?” “असंच,” तो म्हणाला. बोलण्याआधी आपण दोनदा घसा खाकरला, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

त्या शुक्रवारी दुपारी त्याने कानाला खडा लावला. यंत्र बंद केलं, दहा मिनिटं थांबला, बोर्ड खाचेतून उपसला आणि तो कपाटात ठेवून वरून कुलूप लावलं. मग आपलं स्वतःचं यंत्र एकदा डोळे भरून पाहावं म्हणून त्याने बटण दाबलं. पडदा निळा झाला. कोपऱ्यात पिवळा चौकोन लुकलुकत राहिला. त्याने बटण बंद करून पाहिलं, वायर काढून तासभर तसंच ठेवलं, पाठीमागच्या मोकळ्या खाचेत बोट घालून चाचपलं. खाच रिकामी होती आणि पडदा निळाच येत होता. कारागिराला फोन केला तर तो म्हणाला, “असं होणं शक्य नाही, साहेब. बोर्ड आतच असणार. नीट बघा.”

धाकटा घाबरला. हे सोंग आता उतरवलं नाही तर आपल्याला ते कधीच उतरवता येणार नाही, असं त्याला स्वच्छ वाटलं. आईला सांगायचं, समोर बसून सांगायचं. तिच्या हृदयाचं काही बरंवाईट झालं तर ते पाप आपल्या माथी. पण चौदा महिने तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नव्हती, हेही काही पुण्य नव्हतं. शनिवारी पहिल्या बसने तो निघाला. वाटभर तो मनात वाक्यं जुळवत होता, आणि ती आपल्याच आवाजात जुळतायत ना, हेही तपासत होता.

आई गॅलरीत उन्हाला पाठ करून बसली होती. दृष्टी पार अधू झालेली. तिने पावलांचा आवाज ऐकला, शेजारच्या खुर्चीवर थोपटून दाखवलं आणि तो बसल्यावर त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.

“आई, तुला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “आधी डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, मग माझीच जीभ उचलेना.”

“मला ठाऊक आहे,” आई म्हणाली.

त्याच्या छातीवरचा धोंडा एकदम हलला. डोळे भरून आले. “कधीपासून ठाऊक आहे?”

“अरे, आईच्या कानाला कळत नाही का? पहिल्याच बुधवारी कळलं.”

“रविवारी,” त्याने हलकेच दुरुस्ती केली. “पहिला फोन रविवारी होता.”

“रविवारी तर तू असतोसच.” ती त्याच्या हातावरून हात फिरवत होती. “बुधवारी म्हणतेय मी. तू एवढा जीव तोडून त्याचा आवाज काढायचास, तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प ऐकायचे. मग रडून घ्यायचे थोडं. पण आता पुरे कर बाबा. धाकटा गेला, ते मी सोसलंय. तू तरी किती दिवस दोघांचं आयुष्य ओढशील?”

गॅलरीखाली कोणीतरी बादली ओतली. धाकट्याने आपला हात तिच्या हातातून सोडवायचा प्रयत्न केला, तर तिने तो घट्ट धरला.

“आई, अगं मी आहे. मीच धाकटा आहे.”

आईने डोळे मिटले. गाणं ऐकावं तशी मान किंचित कलती केली.

“पुन्हा म्हण बघू.”

“मी धाकटा आहे, आई.”

मग तिने डोळे उघडले आणि त्याची समजूत घालावी तसा त्याचा हात थोपटला.

“बरंच जवळ आलंय,” ती म्हणाली. “पण तो असा नव्हता.”