मामींचं घर, विभाग: व्यायाम

धाकटीला प्रोजेक्टमधून मिळायचे होते चाळीस गुण. शंभरातले चाळीस, म्हणजे पास आणि नापास यांच्यामधलं सगळं अंतर. बाकीच्या साठांत आनंदीआनंद होता, त्यामुळे सगळी भिस्त तिने बनवलेल्या ॲपवर.

ॲपचं काम साधं. कुठे बुद्धिबळ आहे, कुठे व्याख्यान, कुठे सकाळी पक्षी मोजायला जाणार आहेत, ते आसपासच्या विद्यार्थ्यांना कळवायचं. दोनशे बारा जणांनी ते डाउनलोड केलं होतं. त्यातले साठ नातेवाईक. पण प्रोजेक्टचे सर खमके. "डाउनलोड नको दाखवूस मला. माझी आईसुद्धा डाउनलोड करते. एका कार्यक्रमाला तीस मुलं उठून गेली, असं दाखव. आयोजकाची सही आण. सोमवारपर्यंत."

अडचण अशी, की आसपासचे कार्यक्रम इंटरनेटवर नव्हतेच. ते कागदावर लिहून लाँड्रीच्या नाहीतर वाचनालयाच्या फळ्यावर टाचलेले असत. धाकटीने शक्कल लढवली: फळ्यांचे फोटो काढायचे, ज्या कागदावर वार, वेळ आणि पत्ता तो कार्यक्रम, आणि विभाग ॲपने शब्द बघून आपला आपण ठरवायचा. कागद वाचत बसायला वेळ कुणाला? तिला तर शनिवारी मामींकडे जायलाही वेळ नव्हता. मामांचा गुडघा गेला, म्हणून मामा-मामी तिसऱ्या मजल्यावरून त्याच इमारतीत तळमजल्यावर येणार होते. "आले असते हो मामी, पण प्रोजेक्ट आहे ना," हे तिने फोनवर इतकं गोड सांगितलं, की मामींनी "बरं" एवढंच म्हणून फोन ठेवला.

शनिवारी साडेतीनला धाकटीने ॲप उघडलं आणि ताडकन उठून बसली. एकाच कार्यक्रमाला चौतीस जणांनी 'येतोय' दाबलं होतं! विभाग: व्यायाम. मजकूर: 'कपाट, खोकी उचलायला चार धडधाकट माणसं हवीत. शनिवार, दुपारी चार. चहा मिळेल.' खालचा पत्ता तिने दोनदा वाचला. पत्ता मामींचा.

'रद्द' हे बटण तिनेच बनवलं होतं, चांगलं लालभडक. अंगठा त्याच्यावर नेला, तेव्हा मामी डोळ्यांपुढे आल्या. मग सर आले. अंगठा मागे घेऊन तिने चपला घातल्या.

ती पोचली तेव्हा मामी जिन्याच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"ही पलटण कुणी धाडली गं? मी चार मागितले होते. चार!"

"मामी, कमी पडण्यापेक्षा..."

"आणि तुझं प्रोजेक्ट होतं ना आज?"

"हेच ते."

एका चष्मेवाल्याने अदबीने विचारलं, "काकू, व्यायाम कधी सुरू होणार?" मामींनी त्याच्या हातात शिलाई मशीन दिलं. "झाला."

जिना अरुंद, म्हणून पोरांनी वरपासून खालपर्यंत साखळी केली आणि खोकी हातोहात उतरू लागली. शेवटी मामाही खुर्चीसकट उतरले. "हळू रे, फुटणारा माल आहे!" असं स्वतःच ओरडत होते. पन्नास मिनिटांत घर खाली. मामींनी खोक्यांवर एक ते त्रेचाळीस आकडे घातले होते. ते आता कुठल्याही क्रमाने छतापर्यंत रचलेले होते. चहाचं पातेलं सतरा नंबरात. सतरा नंबर सापडायला वीस मिनिटं गेली.

पोरं चहा पीत असताना धाकटीने कागद पुढे केला. "मामी, आयोजक म्हणून सही."

मामींनी चष्मा लावून सगळा वाचला. "घर माझं आहे, हे कधी कळलं तुला?"

"साडेतीनला."

"थांबवता आलं असतं?"

खोटं बोलायला वाव होता. "हो," धाकटी म्हणाली. "पण मला तीस हवे होते."

मामींनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने नजर पातेल्यात घातली. मग सही केली, ठसठशीत, आणि पेन परत देताना म्हणाल्या, "उद्या आठ वाजता ये. एक ते त्रेचाळीस. उद्या नाही ना प्रोजेक्ट?"

"नाही, मामी."

तर हिशोब असा. धाकटीला पस्तीस गुण; विभाग चुकला म्हणून सरांनी पाच कापले, तरी काठावर पास. मामांना तळमजला. चष्मेवाल्याला साखळीतल्या एका मुलीचा नंबर. धाकटीचा गेला रविवार. मामींचं गेलं तीन लिटर दूध, एका कपाचा कान आणि दुपारची झोप. घरात कप सहा, ते विसळून सहा फेऱ्या, म्हणजे छत्तीस चहा: चौतीस पाहुणे, एक मामा, एक धाकटी. मामींना उरला गाळणीतला चोथा.