खळ्यावरच्या चपला

“परत काढल्या चपला?” बायजाबाईने डोक्यावरचा भारा खळ्याच्या कडेला आपटला.

नवरा, केरू, खळ्यात अनवाणी उभा राहून भात झोडत होता. वाकड्या बोटांत पेंढी धरवत नाही, म्हणून तिला दोरीचा फास टाकून तो मनगटात अडकवायचा. दवाखान्यातून मिळालेल्या मऊ रबरी चपला मात्र कडेला जोडीने ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा.

“खळं हाय गो. लक्ष्मी हाय. चपला घालून कसा फिरू?”

बायजाबाईने कपाळावर हात मारला. सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. कुष्ठरोग बरा होऊन, गोळ्या संपून बारा वर्षं झाली. पण तळव्यांची जाणीव गेली ती गेलीच. रोज संध्याकाळी त्याचे पाय भिजवून तळवे बघायचं काम तिचं. गेल्या साली ती दोन दिवस माहेरी, कासूला गेली काय, याच खळ्यावर बांबूची कामटी पायात घुसली आणि हा बाबा ती घेऊन गावभर हिंडला. पायाची दोन बोटं काढावी लागली. आता जखम चिघळली तर पायच जाईल, असं रोह्याच्या डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मान कोणी डोलावली? यानेच. आणि खळ्यावर आला की पुन्हा तेच.

“पाय गेला तर लक्ष्मी येनार हाय का तुमाला उचलाया?”

“दाजी काय म्हनंल?” केरू हळूच बोलला.

हां, म्हणजे खरं दुखणं हे. खळं दोघा भावांचं सामाईक. थोरला भाऊ, दाजी, पलीकडे सुपाने भात वारवत होता. आजारपणात वर्षभर त्याने केरूला इथे पाय ठेवू दिला नव्हता. परत बोलावलं, तेव्हापासून केरू आपल्याच खळ्यावर पाहुण्यासारखा वागायचा.

बायजाबाईला संताप आला आणि रडूही आलं. कडेला काढलेल्या आपल्या चपला तिने पायांत सरकवल्या आणि सारवलेल्या खळ्याच्या मधोमध तरातरा जाऊन उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

दाजीचं सूप थांबलं. “बायजाबाय, चपला...”

“हायत पायांत. काय बोलायचं ते मला बोला, दाजी.”

दाजीने एकवार भाताच्या राशीकडे पाहिलं. मग त्याने सूप पुन्हा उचललं.

केरूने वाकून खळ्याला हात लावला, कपाळाला लावला आणि चपलांकडे गेला. पट्टा काही त्याला लावता येईना.

“आना हिकडं पाय,” बायजाबाई करवादली आणि खाली बसली. तिने पट्टा ओढला. “घट्ट झाला का?” सवयीने विचारून तिने जीभ चावली. त्याला कळणार कसं? तिनेच पट्ट्याखाली आपलं बोट घालून पाहिलं.